जिन्याच्या वळणावरचं दर्शन

बडोद्याच्या गोत्री भागातल्या त्या सोसायटीत लिफ्ट आहे, पण गणपती तिच्यातून वर जात नाही. एका वर्षी गेला होता. सोबत मंडळाच्या अध्यक्ष सरोजिनीबाई गुप्ते होत्या, त्यांच्या हातात निरांजन होतं, आणि नेमकी वीज गेली. तळमजला आणि पहिला मजला यांच्या अधेमधे बाप्पा आणि बाई बराच वेळ समोरासमोर उभे होते. दोघांत काय बोलणं झालं ते कधी बाहेर आलं नाही. पण लिफ्टचं दार उघडल्यावर बाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "पुढच्या वर्षीपासून जिन्याने."

जिना क्लबहाउसचा. खाली पार्किंग, वर हॉल आणि मधे एक अरुंद वळण. ज्या बिल्डरने ते बांधलं त्याने आयुष्यात कधी गणपती आणला नसावा, कारण दोन माणसं पाट धरून तिथून वळूच शकत नाहीत. तेव्हा एकानेच मूर्ती छातीशी धरून चढायचं, आणि एकदा उचलली की थेट हॉलमधल्या चौरंगावरच टेकवायची. सुरुवातीला ही अडचण होती. पुढे तिची पद्धत झाली. आता सोसायटीतली मराठी घरं तिला परंपरा म्हणतात. आणि परंपरा म्हटली की मानकरी आलाच. हा मानकरी म्हणजे देवेंद्र पागे.

पाग्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर होते. तिथे ते नक्की काय करत, याबद्दल घरात एकमत नाही. पण एक बिथरलेला घोडा त्यांनी नुसत्या लगामाने जागच्या जागी खाली बसवला, यावर मात्र एकमत आहे. "घोडा बसतो का?" असं देवेंद्रच्या मुलीने, आभाने, लहानपणी विचारलं होतं. तेव्हापासून ती गोष्ट तिच्यासमोर सांगत नाहीत. देवेंद्र स्वतः सयाजीगंजात एका विमा कंपनीच्या कचेरीत अधिकारी होता, आणि त्याच्या ताब्यात बिथरण्यासारखा फक्त एक प्रिंटर होता. त्यामुळे पाग्यांची ताकद दिसायची ती वर्षातून एकदाच, गणेश चतुर्थीला, त्या जिन्यावर.

गेल्या वर्षी ती वळणावर दिसेनाशी झाली.

शाडूची मूर्ती, पाटासकट चाळीसेक किलो. देवेंद्र नेहमीसारखा ताठ निघाला, वळणापर्यंत पोचला आणि थांबला. कानांत ढोल वाजत होते, आणि मंडळाने त्या वर्षी ढोल सांगितलेलेच नव्हते. हात ठीक होते, पाय ठीक होते, फक्त हवा पुरत नव्हती. मागून संपतराव खानविलकर येत होते. उभी हयात रिफायनरीत काढलेला माणूस, दाब कुठे वाढलाय हे त्यांना लांबून कळायचं. त्यांनी आपला गुडघा पाटाखाली दिला. खालून 'मोरया' चालू होतं. देवेंद्रने जमेल तेवढा श्वास गोळा केला आणि उरलेला जिना चढून गेला.

"का रे थांबलास?" वर सरोजिनीबाईंनी विचारलं.

"लोकांना नीट दर्शन घेता यावं म्हणून."

बाईंनी मूर्तीकडे पाहिलं. मूर्तीच्या तोंडावर रिवाजाप्रमाणे रुमाल होता. शाळेत जन्म गेलेल्या बाईंना कुठलं उत्तर लगेच तपासायचं आणि कुठलं ठेवून द्यायचं, हे चांगलं कळत होतं.

ते उत्तर त्यांनी उन्हाळ्यातल्या मंडळाच्या बैठकीत काढलं. "या वर्षी मूर्ती अमोघला उचलू द्यावी, असं माझ्या मनात आहे."

अमोघ बी विंगमधला. त्याचे दंड शर्टाच्या बाहीत मावत नसत आणि तोही बिचारा त्याबद्दल संकोचून असे. तो म्हणाला, "नको बाई, काका आहेत ना."

"आहेच की मी," देवेंद्र म्हणाला आणि खोकला.

"आहेस ते दिसतंय. आता ऐकूही येतंय," बाई म्हणाल्या. "हे बघ देवेंद्र, मान तुझाच. पण मूर्ती हातातून सुटली तर काय, ते मी तोंडाने बोलणार नाही. चतुर्थीच्या आदल्या रविवारी संपतरावांकडचा गव्हाचा कट्टा उचलून न थांबता वर नेऊन दाखव. नेलास तर तू. नाहीतर अमोघ."

घरी येऊन देवेंद्रने पत्नीला सगळं सांगितलं. स्नेहलता शांतपणे ऐकत होती आणि धनाडाळीची बाटली भरत होती. बडोद्यातल्या कुठल्याही घरात जेवणानंतर धनाडाळ खातात. पाग्यांकडे ती जेवणाआधी, दूध आणायला जाण्याआधी आणि विशेषतः दूध घेऊन आल्यावर लागे. देवेंद्र रोज संध्याकाळी दूध आणायला जाई. दूध मिळे कोपऱ्यावर, पण तो जाई पार पुढच्या चौकातल्या पान-सिगारेटच्या गल्ल्यापर्यंत. परतताना खिशातल्या धनाडाळीची मूठ तोंडात टाकी आणि घरात शिरी तो बडीशेप-धण्याच्या दरवळात. आपण सिगारेट ओढतो हे घरात कुणाला ठाऊक नाही, अशी त्याची पंचवीस वर्षांची खात्री होती.

"जिम लावतो म्हणतो," तो म्हणाला.

"लावा की. आभा आहेच तिथे," स्नेहलता म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावलं.

आभा एका बँकेत नोकरीला होती, आणि सकाळी कामावर जाण्याआधी क्लबहाउसच्या तळमजल्यावरच्या जिममध्ये लोखंड उचलत असे. ती दिसायला आईसारखी किरकोळ होती आणि जमिनीवरून जे उचलायची ते पाहून देवेंद्रला एकदा घरातलं कपाट आठवलं होतं. तिने वडिलांना पहिल्या दिवशी रिकामा बार हातात दिला.

"हा तर हलका आहे," देवेंद्र म्हणाला.

"मग सावकाश उचला. हलकी वस्तू सावकाश उचलणं जास्त अवघड असतं."

खरंच असतं. पण देवेंद्र तसा काही मूळचा लेचापेचा नव्हता. महिना होईपर्यंत त्याचा बाक सुटला, गुडघे कुठे आणि कंबर कुठे ते समजलं, बारला दोन्ही बाजूंनी लहान प्लेटा लागल्या. मग त्याहून थोड्या मोठ्या लागल्या. आणि तिथे गाडी अडली. वजन एकदा उचलायचा तो व्यवस्थित, दुसऱ्यांदा कसंबसं, आणि तिसऱ्यांदा बार जमिनीला असा चिकटून बसे, की जणू त्याला तिथे घर अलॉट झालंय.

"सिगारेट किती होतात?" आभाने सहज विचारलं.

"कुणाच्या?"

"अमोघच्या."

"तो ओढतो?" देवेंद्रने आशेने विचारलं.

आभाने रुमालाने बार पुसला. "बाबा, समजा एखादा माणूस ओढतो. म्हणजे तुम्ही नाही. कुणीतरी. तर त्याच्या रक्तात काय होतं सांगू? आपल्या पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्या लागतात ना, तसं होतं. जागा ऑक्सिजनची, आणि तिथे धुरातला वायू गाडी लावून मोकळा. हॉर्न वाजवा, नाव पुकारा, तो काही लवकर निघत नाही. ऑक्सिजन बिचारा गेटवर चकरा मारतो. स्नायू वर वाट बघत बसलेत. एकदा उचलायला जुनी शिल्लक पुरते. तिसऱ्या वेळेला कोण येणार?"

"वाईट आहे," देवेंद्र म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये गेली दोन वर्षं ए विंगच्या जावयाची गाडी लागत होती, त्यामुळे मुद्दा त्याच्या काळजाला भिडला. "पण मी तर सोडली. म्हणजे, असती तर सोडली असती."

"मग झोप कमी पडत असेल."

झोपेच्या बाबतीत त्याला बोलायला तोंड नव्हतं. रात्री तो मोबाइलवर जुने क्रिकेटचे सामने पाहायचा, निकाल माहीत असलेले. भारत हरणार हे ठाऊक असूनही शेवटपर्यंत जागायचा, न जाणो. त्याआधी सेव-उसळ झालेली असायची, कारण संध्याकाळी व्यायामाच्या नावाने भूक लागते. उसळीवर तर्री, तर्रीवर सेव, आणि सोबत पाव, कारण पाव नसेल तर तर्री कशाला लावायची. आभाने त्याला उसळीतलं कडधान्य चांगलं, म्हणून सांगितलं होतं. तेवढं त्याने लक्षात ठेवलं.

बार हलत नव्हता त्याची कारणं मात्र त्याने मनापासून शोधली. आधी बूट बदलले. मग जिममधली गाणी बदलायला लावली. मग जिमचं तोंड दक्षिणेला आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो बारच्या दुसऱ्या बाजूने, उत्तरेला तोंड करून उभा राहायला लागला. सयाजीगंजातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून प्रोटीनचा डबाही आला. ती पावडर तो दुधात घालून घ्यायचा, आणि मग त्या दुधाच्या निमित्ताने आणखी दूध लागायचं, आणि ते आणायला तोच जायचा. एकंदर प्रोटीनमुळे त्याच्या सिगारेटी दोनने वाढल्या.

आषाढात आभाने एका सकाळी त्याला बाजूला बसवलं. चेहरा गंभीर होता.

"बाबा, तुम्ही ओढत नाही."

"नाही."

"झोपताही वेळेवर."

"हो."

"उसळही बंद."

"जवळजवळ."

"मग एकच राहतं." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वय. काही इलाज नाही त्याला. त्यात लाजण्यासारखंही काही नाही. मी बाईंना सांगते, की बाबांनी सगळं केलं, पण आता म्हातारपण आलं. अमोघला मान देताना बाई तुम्हाला शाल देतील. नारळही देतील."

देवेंद्र त्या दिवशी कचेरीत गेला तो शालीचा विचार करत. त्याला शाल स्पष्ट दिसत होती. बदामी रंगाची, टोचणारी. खुर्चीत बसवलंय, कुणीतरी माइकवर 'ज्येष्ठ' म्हणतंय. स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यायला त्याची तशी हरकत नव्हती. व्यसनी माणसात एक रुबाब असतो. पण म्हातारा म्हणवून घ्यायचं म्हणजे फार झालं, तेसुद्धा सिगारेट चालू असताना. ही सरळसरळ खोटी तक्रार होती, आणि खरा आरोपी कोण हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. कबूल करावं तर आभाशी खोटं बोललो हे बाहेर येणार. तेव्हा एकच वाट उरली, की जे सोडलंय म्हणून सांगितलं ते गुपचूप सोडायचं.

आणि त्याने सोडली.

पहिल्या आठवड्यात त्याने प्रिंटरवर आवाज चढवला. दुसऱ्यात तो घरातल्या सगळ्या पेन्सिलींची टोकं चावून बसला. संध्याकाळी दूध कोपऱ्यावरून घेऊन तो इतक्या लवकर घरी येई, की स्नेहलतेची मालिका सुरूही झालेली नसे. दोघं समोरासमोर बसत आणि काय बोलावं हे कुणालाच सुचत नसे. मग ती त्याला शेंगा सोलायला देई.

एका संध्याकाळी चौकातले गल्लेवाले भीखाभाई त्याला भाजीच्या हातगाडीजवळ दिसले. भीखाभाईंचा चेहरा उतरला होता.

"पागेसाहेब, तबियत तो सारी छे ने?"

"बिलकुल सारी छे. का?"

"ना ना, अमस्तुं." भीखाभाईंनी थोडा वेळ वांगी पाहिली. मग मन घट्ट करून हळूच विचारलं, "बीजे गल्ले जाव छो?"

दुसऱ्या गल्ल्यावर जात नाही हे देवेंद्रने त्यांना शपथेवर सांगितलं. तरी भीखाभाईंना ते पटलं असं दिसलं नाही. दुखावलेल्या माणसाला पुरावा कुठला पटतो.

पण लोखंडाला पटला. श्रावण लागता लागता एका सकाळी देवेंद्रने बार एकदा उचलला, दुसऱ्यांदा उचलला, आणि तिसऱ्यांदा उचलून झाल्यावर आपण तो उचललाय हे त्याच्या ध्यानात आलं. दक्षिणेकडे तोंड होतं. गाणंही कुणीतरी जुनंच लावलं होतं. रात्री डोळे लवकर मिटत, कारण खोकून जाग येत नव्हती, आणि सामने पाहायला जागावं म्हटलं तर दुसऱ्याच षटकात मोबाइल नाकावर पडे. उसळीची चव इतकी लागायला लागली, की तिच्यात मीठ जास्त आहे हे त्याला पंचवीस वर्षांनी कळलं. आभा फक्त बारला आणखी एकेक लहान प्लेट लावायची आणि "वयाच्या मानाने बरंय" म्हणायची.

चतुर्थीच्या आदल्या रविवारी डभोईहून संपतरावांच्या शेतातला गहू यायचा होता. तो आला नाही. संपतरावांनी फोनवर सांगितलं, की टेंपोवाला आजारी आहे. बाईंनी सांगितलं, "जाऊ दे रे, आभा म्हणते तू तयार आहेस. तूच घे." देवेंद्रला बरं वाटलं आणि जरासं चुकल्यासारखंही वाटलं. त्याला तो कट्टा उचलून दाखवायचा होता.

चतुर्थीला मूर्तीचा टेंपो फाटकाशी लागला तेव्हा सगळी मराठी घरं खाली उतरली होती, आणि गुजराती शेजारीही 'जय गणेश' म्हणत बाल्कन्यांत उभे होते. मूर्ती गेल्या वर्षीएवढीच, तोंडावर रुमाल, अंगावर उपरणं. संपतराव आणि अमोघ टेंपोत चढले. दोघांनी पाट धरला.

"सांभाळ," संपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "अबब. या वर्षी शाडू जास्त घातलीय."

"फारच," अमोघ म्हणाला. त्याने दात आवळले होते, पण मानेवरची एकही शीर फुगलेली नव्हती.

स्नेहलतेने देवेंद्रच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि वर न बघता बाजूला झाली. देवेंद्रने आभाने शिकवल्यासारखे पाय रोवले, पोट आवळलं, श्वास भरून घेतला आणि चाळीस किलोंच्या तयारीने मूर्ती उचलली.

मूर्ती जवळजवळ त्याच्या डोक्यावर गेली.

गर्दीतून कौतुकाचा एक मोठा उद्गार निघाला. बाल्कनीतून कुणीतरी "वाह, पागेभाई" म्हणालं. सरोजिनीबाईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. देवेंद्रने मूर्ती छातीशी आणली. चार महिने रोज सकाळी त्याचे हात किलोंच्या भाषेत बोलत होते, आता ते फसणार नव्हते. आठ. फार तर नऊ. कागदाच्या लगद्याचा गणपती. वरून रंग, आत हवा.

त्याने संपतरावांकडे पाहिलं. संपतराव कपाळावरचा घाम पुसत होते, घाम नव्हता तरी. आभाकडे पाहिलं. ती बुटांची नाडी बांधत होती, पायात चपला होत्या तरी.

मग तो निघाला. जिना चढला, वळणावरून वळला, न थांबता वर गेला आणि चौरंगावर मूर्ती ठेवली. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. बाई म्हणाल्या, "शाब्बास. जिन्यावर पायसुद्धा वाजला नाही तुझा." देवेंद्र म्हणाला, "बाप्पाची कृपा." आरतीत तो सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता, आणि त्याचा आवाज शेवटच्या कडव्यापर्यंत पुरला. तेवढं एक खरं होतं.

जेवायला जो तो आपापल्या घरी गेला. दुपारी पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. डभोईचा टेंपो येऊन गेला असावा, कारण महाप्रसादाच्या गव्हाचा कट्टा मीटरच्या खोलीपाशी भिंतीला टेकून उभा होता. म्हणजे टेंपोवाला चतुर्थीच्या दिवशी बरा झाला होता. देवेंद्र घरून दोन मोदक खाऊन, पाय मोकळे करतो सांगून खाली आला होता. त्याने कट्ट्याकडे पाहिलं. कट्ट्यावर वजन छापलेलं होतं, पण त्याने ते वाचलं नाही. वाकला, गुडघे कुठे आणि कंबर कुठे ते जमवलं, आणि कट्टा छातीशी घेतला.

हे वजन खरं होतं. ते हातांना लगेच कळलं, मग पाठीला, मग पिंढऱ्यांना. गव्हाला पाट नसतो, तो ज्या बाजूला मन जाईल त्या बाजूला लोळतो. देवेंद्र पायरी पायरी चढला. वळणाशी आला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती, पण आत जे येत होतं ती हवाच होती, आणि ती पुरत होती. कानांत ढोल नव्हते. तो वळला आणि वर गेला.

हॉलमध्ये स्नेहलता समईत तेल घालत होती. तिने त्याला येताना पाहिलं. देवेंद्रने चौरंगाशेजारी कट्टा ठेवला. हळू ठेवला, आपटला नाही. मग जमिनीवर बसला.

"गणपती हलका होता," श्वास बसल्यावर तो म्हणाला.

"हो."

"मला कुणी सांगितलं नाही."

स्नेहलतेने वात सरळ केली. "तुम्ही सिगारेट ओढत होतात, तेव्हा आम्ही कुठे काही बोललो?"

देवेंद्रने बाप्पाकडे पाहिलं. रुमाल काढलेला होता, त्यामुळे आता दर्शन अगदी नीट होत होतं.

"केव्हापासून माहीत होतं?"

"लग्नापासून. माणसाला इतकी धनाडाळ लागत नाही हो." ती त्याच्याजवळ येऊन बसली. "मूर्ती आषाढात सांगावी लागते. तेव्हा तुम्ही उत्तरेला तोंड करून उभे राहत होतात. बाई म्हणाल्या, मान मोडायला नको आणि मूर्तीही मोडायला नको. म्हणून लगद्याची सांगितली. मग आषाढ सरता सरता बाटली भरलेली राहायला लागली. मी दोन आठवडे वाट पाहिली, म्हटलं दुसरीकडून आणून खात असाल. मग बाईंना फोन केला, की यांची खरंच सुटली. त्या म्हणाल्या, आता रंग लागलाय."

"आणि रविवारचा कट्टा?"

"तो संपतरावांनी अडवला. म्हणाले, गहू उचलल्यावर त्याच्या हाताला मूर्ती लगेच कळेल."

"तशीही कळली."

"ते दिसलं. जवळजवळ पंख्याला लागली असती."

"पंखा नव्हता तिथे. टेंपोत पंखा असतो का?" देवेंद्र म्हणाला. मग त्यालाच हसू आलं. "आभा मला म्हातारा म्हणाली, ते पण ठरवून?"

"ते तिचं स्वतःचं. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या बाबांना समजावून काही होत नाही, डिवचून होतं."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला, आणि मागोमाग जिन्यावर पावलं. संपतराव धापा टाकत हॉलच्या दारात आले. त्यांनी चौरंगाकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं, देवेंद्रकडे पाहिलं.

"हा गहू वर कुणी आणला?"

"मी."

"एकट्याने?"

"हो."

"न थांबता?"

"हो."

संपतराव मनापासून खूश झाले. मग त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं. "पण दळायला द्यायचाय तो. गिरणीवाला खाली रिक्षा लावून उभा आहे. त्याला घाई आहे."

स्नेहलतेने पदर तोंडाला लावला. देवेंद्र उठला, पुन्हा वाकला, पुन्हा कट्टा छातीशी घेतला आणि जिना उतरायला लागला. उतरताना वजन पुढे ओढतं, हे आभाने शिकवलेलं नव्हतं. वळणावर तो थांबला.

वरून स्नेहलतेने विचारलं, "दमलात का हो?"

"नाही. लोकांना नीट दर्शन घेता यावं म्हणून."

पार्किंगमधला गिरणीवाला मान वर करून गव्हाकडे बघत होता. संपतराव मागून घाईघाईने दोन पायऱ्या उतरले, आणि सवयीने त्यांनी आपला पाय पुढे केला.

"संपतराव," देवेंद्र म्हणाला, "गुडघा काढा."